टोकियोच्या काचेपासून इझुमोच्या भट्टीपर्यंत

भोसरीतल्या एका फोर्जिंग कारखान्यात, हीट ट्रीटमेंटच्या विभागात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. पोलाद किती तापवायचं, कशात विझवायचं, विझवताना ते का वाकतं, हेच रोजचं काम. जपानी तलवारींचं वेड तिथूनच लागलं. आमच्या धंद्यात जे वाकणं टाळायला आम्ही धडपडायचो, तेच वाकणं त्या लोकांनी हजार वर्षांपूर्वी कामाला लावलं होतं. भाची टोकियोत नोकरीला आहे. नोव्हेंबरात तिच्याकडे जायचं ठरलं, तेव्हा तिला सांगितलं की मला तलवारी बघायच्या आहेत, आणि त्यांचं लोखंड जिथून आलं ती जागाही. तिनेही रजा काढली. जपानी बोलणारं घरचं माणूस सोबत असल्यामुळे पुढचं सगळं जमलं.

गुरुवार, उएनो

टोकियो राष्ट्रीय संग्रहालय उएनोच्या बागेत आहे. तिकीट हजार येन, सोमवारी बंद. तलवारींसाठी येणारे लोक मुख्य इमारतीतल्या दालनात थेट शिरतात. आम्ही आधी हेइसेइकान या दुसऱ्या इमारतीतलं पुरातत्त्व दालन गाठलं आणि तुम्हीही तसंच करा. वाकडी, एका धारेची, लखलखीत तलवार हा या गोष्टीचा मधला भाग आहे. सुरुवात सरळ पात्यांनी होते.

तिथे कुमामोतोजवळच्या एता-फुनायामा या थडग्याच्या टेकाडातून 1873 साली निघालेलं पातं आहे. पाचव्या शतकातलं, सरळ आणि गंजून काळं पडलेलं. त्याच्या पाठीवर चांदीच्या तारेने अक्षरं कोरून बसवली आहेत. खाली वाकून, श्वास रोखून बघितलं तर पात्याच्या अंगावर चांदीचा एक छोटा घोडाही दिसतो. मजकुरात राजाचं नाव आहे, पातं घडवणाऱ्याचं नाव आहे, आणि अक्षरं लिहिणारा चांग आन नावाचा होता हेही आहे. नावावरून हा लेखक चिनी मुळाचा असावा. लोखंड आणि लिपी दोन्ही समुद्रापलीकडून आली, हे एकाच पात्यावर वाचायला मिळतं.

याचं एक भावंड साइतामात आहे, इनारियामा टेकाडातलं. ते 1968 साली खणून काढलं, तेव्हा तो गंजाचा एक पट्टा होता. दहा वर्षांनी गंज थोपवण्याचं काम चालू असताना क्ष-किरणांखाली धरलं आणि आत सोन्याची 115 अक्षरं उजळली. त्यात जे वर्ष आहे ते बहुतेक अभ्यासक इ.स. 471 मानतात. राजाचं नाव दोन्ही पात्यांवर एकच वाचलं जातं, वाकाताकेरू. एक पातं दक्षिणेकडच्या क्यूशू बेटावर, दुसरं टोकियोच्याही उत्तरेला. त्या काळी त्या राजाचा हात केवढ्या लांबवर पोचला होता, ते या दोन गंजक्या पट्ट्यांनी सांगितलं.

मग मुख्य इमारत. आमच्या नशिबाने त्या दिवशी 'दोजिगिरी' मांडलेली होती. होकी प्रांतातल्या यासुत्सुना या लोहाराची ही तलवार. पात्याची लांबी 80 सेंटिमीटर आणि बाक 2.7 सेंटिमीटर. मिनामोतो नो योरिमित्सु या सरदाराने ओए डोंगरावरच्या शुतेन-दोजी राक्षसाचं मुंडकं हिनेच उडवलं, अशी कथा. पुढे ती हिदेयोशी आणि मग तोकुगावा इयेयासू या जपानच्या सत्ताधीशांकडे गेली. जपानातल्या नावाजलेल्या पाच तलवारींत तिची गणना होते. 'मिकाझुकी मुनेचिका' ही त्या पाचांतली दुसरी याच संग्रहालयाची, पण ती त्या वेळी आत ठेवलेली होती. इथे तलवारी फिरत्या मांडतात. एखादी ठरावीक बघायची असेल तर आधी संकेतस्थळावर खात्री करून घ्या.

दोजिगिरीचा बाक मुठीकडे जास्त आणि टोकाकडे जवळजवळ सरळ आहे. घोड्यावरून एका हाताने ओढून मारायला हा बाक सोयीचा. दहाव्या शतकाच्या आसपास सरळ पाती मागे पडली आणि ही घडण पुढे आली. उत्तरेकडच्या एमिशी लोकांच्या वाकड्या मुठीच्या तलवारींचा त्यात वाटा असावा, असं अनेक अभ्यासक मानतात. काचेपुढे उभा असताना माझ्या डोक्यात मात्र एकच शब्द घोळत होता, होकी. म्हणजे आजच्या तोत्तोरीचा पश्चिम भाग, इझुमो या लोखंडाच्या जुन्या मुलखाला लागून. या तलवारीचं लोखंड त्याच डोंगरांतलं असणार. आमचा पुढचा रस्ता तिकडेच जाणार होता.

तलवार बघायची एक रीत आहे, ती तिथल्याच एका आजोबांनी भाचीला दाखवली. सरळ उभं राहून पाहिलं तर फक्त चकाकी दिसते. गुडघ्यात वाका, वरचा दिवा पात्यावर येईल असा कोन धरा आणि डोकं सावकाश वरखाली करा. मग धारेलगतची ढगाळ रेघ, हामोन, एकदम उठून येते. आजोबा खिशात छोटी एकनळी दुर्बीण घेऊन आले होते. त्यांनी ती भाचीला आणि मला आळीपाळीने दिली. हामोनच्या काठावर बारीक चमचमते कण दिसले. आयुष्यभर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेलं मार्टेन्साइट, म्हणजे झटक्यात विझवल्यावर पोलादाची होणारी कडक घडण, त्या दिवशी मी पहिल्यांदा नुसत्या भिंगातून पाहिलं. दुर्बीण परत देताना माझा हात थरथरत होता, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी कमरेत वाकून नमस्कार केला, मीही केला.

शुक्रवार, रियोगोकु

सकाळी तलवार संग्रहालय. 2018 पासून ते सुमिदा भागात, जुन्या यासुदा बागेत आहे. जागा लहान आहे, पण बघायला येणारे जाणकार असतात. हे चालवणाऱ्या संस्थेची जन्मकथा प्रत्येक तलवारप्रेमीला ठाऊक हवी. 1945 साली जपान हरला आणि अमेरिकी सैन्याने घराघरांतून शस्त्रं गोळा करायला घेतली. त्यात पिढीजात तलवारीही गेल्या, कितीतरी वितळल्या, कितीतरी समुद्रात गेल्या. टोकियो भागातल्या जप्त तलवारी आकाबाने इथल्या कोठारात रचून ठेवल्या होत्या. होन्मा जुंजी या अभ्यासकाने कॅडवेल नावाच्या अमेरिकी कर्नलपुढे बाजू मांडली की ही शस्त्रं आहेत तशी कलावस्तूही आहेत. कर्नलने ऐकून घेतलं. निवड सुरू झाली, आणि 1948 साली ही संस्था उभी राहिली.

तलवारींवर संकट आलं ते काही पहिलंच नव्हतं. 1588 मध्ये हिदेयोशीने शेतकऱ्यांच्या तलवारी काढून घेतल्या. 1876 च्या हुकुमाने सामुराईंच्या कमरेच्या तलवारीही उतरल्या आणि हजारो लोहारांनी विळे-सुऱ्या करायला घेतल्या. आजचा कायदाही कडक आहे. परवानाधारक गुरूकडे पाच वर्षं उमेदवारी केल्याशिवाय तलवार घडवता येत नाही, आणि परवाना मिळाल्यावरही महिन्याला दोनच लांब तलवारी घडवायच्या. घाईत माल निघू नये म्हणून घातलेलं हे बंधन मला फार आवडलं.

तलवार विकत घेण्याच्या फंदात पडू नका. जपानातून बाहेर न्यायला सांस्कृतिक खात्याची परवानगी लागते आणि भारतात उतरल्यावर शस्त्र कायदा आडवा येतो. हौसच असेल तर सेकी किंवा साकाई इथली स्वयंपाकाची सुरी घ्या आणि चेक-इन सामानात टाका. तीच परंपरा, रोजच्या वापरात.

संध्याकाळी शिनकानसेनने क्योतो, तिथून नारा.

शनिवार, तेनरी

पाऊस. नाराहून तेनरी जवळच आहे. स्टेशनपासून इसोनोकामि देवस्थानापर्यंत अर्ध्या तासाची चाल आणि शेवटचा टप्पा उंच सुरूच्या झाडांतून. आत शिरलो तर स्वागताला कोंबडे! लाल तुऱ्याचे, लांब शेपटीचे, पावसात भिजून फांद्यांवर बसलेले. हे कोंबडे देवस्थानाचेच आहेत आणि दिवसभर मोकळे हिंडतात. भाचीने छत्री बाजूला ठेवून त्यांचे इतके फोटो काढले की पुजाऱ्यांनाही हसू आलं.

प्राचीन काळी हे यामातो दरबाराचं, म्हणजे जपानच्या जुन्या राजसत्तेचं शस्त्रागार होतं. इथेच ती सात फाट्यांची तलवार आहे, शिचिशितो. लांबी सुमारे 75 सेंटिमीटर. मधलं पातं सरळ आणि दोन्ही बाजूंना आळीपाळीने तीन-तीन फांद्या. लढाईच्या कामाची नव्हे, मानाची वस्तू. कोरियातल्या पेक्चे राज्याने ती यामातोच्या राजाला दिली आणि वर्ष 369 असावं, असं बहुतेकांचं मत. ती नेहमी बघायला ठेवत नाहीत, हे आम्हाला आधीच ठाऊक होतं. तरी आलो ते एका माणसासाठी. 1870 च्या दशकात कान मासातोमो नावाचे इतिहासाचे जाणते गृहस्थ इथले मुख्य पुजारी होते. कोठारातल्या या तलवारीवरचा गंज काढताना त्यांना खाली सोन्याची अक्षरं दिसली. कित्येक शतकं ही वस्तू पूजेत होती, पण तिच्या अंगावर साठाहून जास्त अक्षरं आहेत हे कोणालाच माहीत नव्हतं. काही अक्षरं इतकी झिजली आहेत की कोणी कोणाला काय म्हणून दिली, यावर जपान आणि कोरियातले विद्वान अजून वाद घालतात. पावसात त्या प्रांगणात उभं राहून मला त्या पुजाऱ्यांचा हेवा वाटला.

दुपारी नाराला परतून काकिनोहा-झुशी खाल्ली. पर्सिमॉनच्या पानात बांधलेली मासळी आणि आंबूस भात. शाकाहारी मंडळींना नाराच्या देवळांभोवती टोफूचं जेवण मिळतं. पण 'भाज्यांचं आहे ना?' एवढंच विचारून भागत नाही, रश्श्यात, म्हणजे दाशीत, सुकट मासळी असतेच. 'दाशीत मासा आहे का?' असं नेमकं विचारा.

रविवार, ओसाफुने

पूर्ण प्रवासाची आखणी या दिवसाभोवती केली होती. ओकायामाहून आको मार्गाच्या लोकलने अर्ध्या तासात ओसाफुने. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी इथल्या तलवार संग्रहालयाच्या आवारात जुन्या पद्धतीने पोलाद घडवून दाखवतात. तारीख बघून जा आणि लवकर पोचा, पुढची जागा भराभर भरते.

हा बिझेन प्रांत. योशिइ नदीने वरच्या डोंगरांतलं लोखंड खाली यायचं, पश्चिमेचा हमरस्ता जवळून जायचा, आणि शेजारी फुकुओकाची भरभरून चालणारी बाजारपेठ. तेराव्या शतकाच्या मध्यावर मित्सुतादाने इथे ओसाफुने घराणं सुरू केलं. नागामित्सु, कागेमित्सु, कानेमित्सु हे त्याच्या पुढचे. जपानात राष्ट्रीय ठेवा ठरलेल्या तलवारींत सर्वांत मोठा वाटा बिझेनचाच आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस योशिइला महापूर आला आणि लोहारांची ही वस्ती जवळजवळ पुसली गेली. मोठ्या फुकुओका शहराला नाव मिळालं तेही इथल्या छोट्या फुकुओकावरून. क्यूशूत किल्ला बांधणाऱ्या कुरोदा घराण्याचे पूर्वज इथले. आज तिथे शांत गल्ल्या आणि नदीचा बांध.

भट्टीघरात उजेड मुद्दाम कमी ठेवलेला, कारण पोलादाचा ताप रंगावरून ओळखायचा असतो. पांढऱ्या कपड्यांतले गुरू भट्टीशेजारी बसलेले, डावा हात पेटीभात्याच्या दांड्यावर. समोर लांब दांड्याचे घण घेऊन तिघे शिष्य. गुरूंनी तांबडापिवळा गोळा बाहेर काढला, भाताच्या पेंढ्याच्या राखेत लोळवला, वर चिखलाचं पाणी ओतलं आणि पुन्हा भट्टीत सारला. राखेने आणि मातीने पोलादाची कड जळत नाही, आतपर्यंत सारखा ताप लागतो. आमच्याकडे याच कामासाठी लाखो रुपयांच्या बंद भट्ट्या आणि त्यांत सोडायचे वायू असतात.

मग गोळा ऐरणीवर आला. गुरूंनी हातोडीने ऐरणीवर टकटक केलं आणि तीन घण एकापाठोपाठ एक, एकाच ठोक्याच्या अंतराने पडू लागले. पहिल्या घावाला ठिणग्यांचा असा लोट आला की पुढच्या रांगेतली मुलं किंचाळून मागे सरली. गुरू फक्त गोळा फिरवत होते आणि हातोडीने जागा दाखवत होते. ऐरणीवर पाणी शिंपडून त्यावर तापलेला गोळा ठेवून मारलं की बंदुकीसारखा आवाज होतो आणि वरची काजळी उडून जाते. चपटं झालं की छिन्नीने मध्ये खाच, घडी, पुन्हा भट्टी. अशा दहा-पंधरा घड्या. तेरा घड्यांना थर आठ हजारांवर जातात. पण थरांची संख्या हा मुद्दाच नाही. प्रत्येक घडीला मळी बाहेर पडते आणि कार्बन सगळीकडे सारखा पसरतो, हे खरं काम. शिवाय प्रत्येक घडीला पोलाद घटत जातं, ते वेगळंच.

कार्यक्रम संपल्यावर एका तरुण शिष्याशी भाचीच्या मदतीने बोललो. मी काय काम करायचो ते कळल्यावर तो मोकळेपणाने सांगू लागला. पहिली तीन वर्षं पाइनचा कोळसा तोडण्यातच जातात, असं या धंद्यात म्हणतात. प्रत्येक टप्प्याला कोळशाचा तुकडा वेगळ्या आकाराचा लागतो. पाणी देण्याबद्दल विचारलं. पात्याच्या पाठीवर मातीचा लेप जाड आणि धारेकडे पातळ, मग अंधारात तापवून पाण्यात. धार झटक्यात थंड होऊन कडक बनते आणि फुगते, पाठ सावकाश थंड होते आणि मऊ राहते, म्हणून पातं पाठीकडे वाकतं. हे सगळं मला पुस्तकातून ठाऊक होतं. मी विचारलं, 'तडकतात किती?' तो म्हणाला, 'आवाज येतो. बारीक, टिण्ण असा. तो ऐकू आला की महिन्यांचं काम गेलं.' हा आवाज मीही आयुष्यात ऐकलेला आहे. भाचीने भाषांतर करण्याआधीच मी मान हलवली होती.

याच आवारात पॉलिश करणारे, म्यान करणारे, धातूवर कोरणारे कारागीर आपापल्या खोल्यांत काम करताना दिसतात. एका खोलीत लवंगेच्या तेलाचा वास भरून होता. पात्याला गंज चढू नये म्हणून पूर्वापार हेच तेल लावतात. बिझेनच्या हामोनची नागमोडही लवंगेच्या कळ्यांची रांग असल्यासारखी असते आणि तिला नावही लवंगेवरूनच आहे.

'सानचोमो' ही इथल्याच इचिमोंजी लोहारांची तलवार, एके काळी सरदार उएसुगी केनशिनच्या घराण्याची. ती विक्रीला निघाली तेव्हा, ओसाफुने ज्यात येतं त्या सेतोउची या छोट्या शहराने देशभरातून देणग्या गोळा केल्या आणि 2020 साली 50 कोटी येन मोजून ती आपल्या गावी आणली. तीही कायम मांडलेली नसते. आम्हाला तिची फक्त छायाचित्रं बघायला मिळाली, तरी दारावरच्या काकूंनी तिची गोष्ट सांगताना 'आमची' हा शब्द कितीदा वापरला, ते भाचीच्याही लक्षात आलं.

सोमवार, ओकायामा ते इझुमो

सोमवारी जपानातली बरीच संग्रहालयं बंद असतात, म्हणून हा दिवस प्रवासाला ठेवा. याकुमो एक्सप्रेस ताकाहाशी नदीच्या काठाने वर चढते आणि डोंगररांग ओलांडून पलीकडे उतरते. अलीकडे ऊन, बोगद्यांपलीकडे धुकं. पश्चिमेच्या या किनाऱ्यावर म्हणच आहे की जेवणाचा डबा विसरलात तरी चालेल, छत्री विसरू नका.

इझुमोच्या मोठ्या देवस्थानाशेजारचं प्राचीन इझुमो संग्रहालय सोमवारी उघडं होतं. आत एका भिंतीवर काशाच्या तलवारी ओळीने लावल्या आहेत. कोजिनदानी नावाच्या दरीत शेतरस्ता करायचा होता, त्याआधीच्या पाहणीत एक खापर सापडलं. म्हणून 1984 साली खणलं, तर उतारावरच्या एका खड्ड्यात चार रांगांत नीट रचलेल्या 358 तलवारी! तोवर साऱ्या जपानात मिळून एवढ्या काशाच्या तलवारी सापडल्या नव्हत्या. प्रत्येक सुमारे 50 सेंटिमीटरची आणि त्यांतल्या 344 पात्यांच्या बुडाशी फुलीची खूण कोरलेली. दोन हजार वर्षांपूर्वी कोणी, कशासाठी पुरल्या याचं उत्तर नाही. त्या भिंतीपुढे मी बराच वेळ बसलो. लोखंड यायच्या आधीही या भूमीत तलवारीला लढाईपलीकडचा मान होता, हे तिथे मनोमन पटलं.

मंगळवार, ओकुइझुमो

सकाळी भाड्याची गाडी. जपानात आपल्यासारखंच डावीकडून चालवतात आणि आपला आंतरराष्ट्रीय परवाना चालतो. तो निघण्यापूर्वी आरटीओतून काढून घ्या. किसुकी मार्गाची रेल्वे इथवर येते, पण गाड्या इतक्या कमी की एक चुकली तर दिवस गेला. त्या मार्गावरच्या कामेदाके स्टेशनाच्या इमारतीतच सोबाचं, म्हणजे कुट्टूच्या शेवयांचं दुकान आहे. तिथे मुद्दाम थांबलो. नोव्हेंबर हा नव्या कुट्टूचा हंगाम. इझुमोचा सोबा सालासकट दळतात म्हणून रंगाने काळपट आणि वासाला तिखट. वारिगो म्हणजे एकावर एक रचलेले तीन गोल लाकडी डबे, आपल्या टिफिनसारखे. वरच्या डब्यात रस ओतायचा, खायचा, उरलेला रस खालच्या डब्यात. बाहेर रिमझिम, आत वाफाळलेलं सोबाचं पाणी. भाची म्हणाली, 'मामा, आज तलवारी नाही पाहिल्या तरी चालेल.'

पण इथे तलवारींपेक्षा मोठी गोष्ट होती. योकोता भागातल्या तातारा आणि तलवार संग्रहालयात मातीच्या भट्टीचा पूर्ण आकाराचा उभा छेद आहे. जमिनीवर दिसणारी भट्टी माणसाच्या कमरेएवढी आणि तिच्याखाली दगड, कोळसा, मातीची जवळपास तीन मीटर खोल रचना. ओल वर येऊ नये म्हणून एवढा खटाटोप. याला तातारा म्हणतात. दगडी खनिज इथे वापरत नाहीत. डोंगरातल्या कुजलेल्या ग्रॅनाइटमध्ये शेकडा एक-दोन भाग लोहवाळू असते. डोंगर फोडून माती पाटात सोडायची, हलकं वाहून जातं, जड काळी वाळू मागे राहते. खालच्या शेतांत गाळ जाऊ नये म्हणून हे काम शेती थांबल्यावर, शरद ऋतूपासून वसंतापर्यंतच करायचं, असा दंडक होता. आणि जिथून डोंगर कापला तिथे मागून भातखाचरं केली. आज ओकुइझुमोत दिसणारी पायऱ्यापायऱ्यांची खाचरं बहुतेक अशीच झालेली. मध्येच एखादी टेकडी न कापता सोडलेली दिसते, तिच्यावर देऊळ किंवा जुनी थडगी असतात. इथला निता तांदूळ याच खाचरांतला. दुकानातून घेतलेल्या साध्या भातगोळ्यालाही गोडवा होता.

भट्टी तीन दिवस, तीन रात्री पेटती ठेवतात. सुमारे 10 टन लोहवाळू आणि 12 टन कोळसा आलटूनपालटून घालत राहायचं. मातीच्या भिंती झिजून मळीत मिसळतात, म्हणून शेवटी भट्टीच फोडून टाकायची. आत उरतो केरा नावाचा अडीच टनांचा लोळ. त्यातला चांगला भाग, तामाहागाने, तलवारीचा. भट्टीप्रमुखाला मुरागे म्हणतात. त्यांची शिकवण अशी: पहिल्या दिवशी ज्वाळेला उगवत्या सूर्याचा रंग हवा, दुसऱ्या दिवशी माध्यान्हीचा, तिसऱ्या दिवशी मावळतीचा. तापमापक नाही, कार्बनचा अहवाल नाही. माझ्या धंद्यातल्या कोणालाही विचारा, हे काय दर्जाचं ज्ञान आहे ते.

विलायती पद्धतीच्या पोलादापुढे तातारा टिकली नाही. महायुद्धाच्या काळात तलवारींसाठी इथे 'यासुकुनी तातारा' चालवली, ती 1945 ला विझली. लोहार जुन्या साठ्यावर काम करत राहिले. साठा संपत आला. 1977 साली, रियोगोकुच्या त्याच संस्थेने, त्याच जागी, यासुकुनीच्या भट्टीवर राबलेल्या म्हाताऱ्या मुरागेंना बोलावून भट्टी पुन्हा पेटवली. आजही जानेवारी-फेब्रुवारीच्या थंडीत ती चालते आणि तिथून तामाहागाने देशभरच्या लोहारांना जातं. परवा ओसाफुनेच्या ऐरणीवर ठिणग्या उडवणारं पोलाद इथलंच. ही भट्टी बाहेरच्यांना बघता येत नाही. संग्रहालयातल्या तामाहागानेच्या तुकड्यावर हात ठेवला. तुटलेली कड रुपेरी, मध्येच निळी-जांभळी झाक, हाताला बोचरी.

आपल्या दख्खनेतही मुशीत पोलाद करणारे होते. तेलंगणातलं ते पोलाद पश्चिम आशियापर्यंत जायचं आणि त्याची पाती तिकडे गाजली. एकोणिसाव्या शतकात ते संपलं, शेवटच्या कारागिरांना बोलावून घेणारं कोणी नव्हतं. इथे तीसेक वर्षांच्या खंडानंतर भट्टी पेटली, कारण मुरागे अजून जिवंत होते आणि वेळेवर कोणाला तरी त्यांची आठवण झाली. आणखी पंधरा वर्षं गेली असती तर दोजिगिरी काचेत राहिली असती आणि तिची जातकुळी मात्र संपली असती. हे मला या प्रवासातलं सर्वांत मोलाचं वाटतं.

जवळच हिइ नदी उगम पावते. सुसानोओ देवाने आठ तोंडांचा ओरोची सर्प मारला तो हिच्या काठी, आणि सर्पाच्या शेपटीतून निघालेली कुसानागी तलवार आज राजचिन्हांपैकी एक मानतात. ती नागोयाच्या आत्सुता देवस्थानात आहे. लोहवाळूच्या धुण्याने गढूळ झालेली, फाटे फुटलेली नदी म्हणजेच तो सर्प, असा अर्थ इथले लोक सांगतात. पुराने फुगलेली हिइ पाहिली की हा अर्थ ओढूनताणून लावलेला वाटत नाही.

बुधवार, योशिदा

उन्नान शहरातलं योशिदा हे तानाबे घराण्याचं गाव. पिढ्यान् पिढ्या तातारा चालवणाऱ्या तीन मोठ्या घराण्यांपैकी हे एक. आधी गावातलं लोखंडाच्या इतिहासाचं संग्रहालय बघा, मग गाडीने दरीत सुगायाला जा. 1751 ते 1921 इथे भट्टी चालली. भट्टीवरची ती उंच, काळ्या लाकडाची इमारत, ताकादोनो, जपानात एवढी एकच उरली आहे.

वाट दाखवणारे आजोबा ऐंशीच्या घरातले होते. त्यांच्या आजोबांनी इथे कोळसा वाहिला होता. त्यांनी दोन्ही हातांनी दार सरकवलं. आत मधोमध भट्टीची जागा आणि वर छतापर्यंत धुराने काळे झालेले वासे. कोपऱ्यात मुरागेची बसायची जागा, तीन दिवस-रात्र तो तिथेच. भट्टीतला लोळ बाहेर ओढून तळ्यात थंड करायचे, मग शेजारच्या खोपटात पाणचक्कीने वर चढवलेलं प्रचंड वजन त्यावर टाकून फोडायचे. वस्तीतली जुनी घरं अजून उभी आहेत आणि काहींत माणसंही राहतात. दारात मुळ्याची पानं वाळत घातलेली.

भट्टीची देवी कानायागो. ती बगळ्यावर बसून आली आणि कात्सुरा वृक्षावर उतरली, अशी श्रद्धा. म्हणून दाराशी कात्सुरा आहे. देवीला बायका आवडत नाहीत, म्हणून पूर्वी त्यांना आत मज्जाव होता. भाचीने विचारलं, 'मग मी चालते का?' आजोबा म्हणाले, 'भट्टी पेटती असती तर नाही. आता तुमच्यासारखी माणसं आली नाहीत तर हे छप्पर कोण राखणार?' आणि त्यांनी तिलाच पुढे नेऊन भट्टीच्या कडेला उभं केलं.

कात्सुराची पानं तेव्हा गळून गेली होती. एप्रिलच्या सुरुवातीला नवी पालवी तीन-चार दिवस लालबुंद असते आणि ते बघायला लोक लांबून येतात, असं आजोबांनी सांगितलं. त्या दिवसांत जायचं असेल तर मुक्काम आधी ठरवा. सुगाया सोमवारी बंद, आत थंडी फार, जाड मोजे घाला. आणि या सगळ्या रस्त्यातलं काही गाळावंच लागलं तर तेनरी गाळा, अगदी उएनोही गाळा. योशिदा गाळू नका.